आत कपडाच आहे

मी आगीच्या बंबावर नोकरीला आहे, आणि ज्या गोडाऊनच्या आगीबद्दल लिहितोय त्या गोडाऊनच्या पूजेला मी जेवलो होतो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी बऱ्याच जणांबद्दल वाईट बोलणार आहे आणि त्यातला शब्दही मागे घेणार नाही, पण शिसारी यायला सुरुवात माझ्या स्वतःच्या ताटापासून होते.

गोडाऊन माझ्या दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. भिवंडीला, दापोड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. त्यांच्या वडिलांनी ज्या जमिनीत आयुष्यभर भात लावला, तिच्यावर दाजींनी सहा गाळे बांधले. एका रांगेत सहा, दोन गाळ्यांमध्ये एक भिंत, आणि सगळ्यांवर मिळून पत्र्याचं एकच लांबलचक छप्पर. तिसऱ्या गाळ्यात नवा भाडेकरू आला म्हणून श्रावणात त्यांनी सत्यनारायण घातला.

आमच्या धंद्यातल्या माणसाला एक खोड लागते. कुठेही गेलं तरी आधी बाहेर पडायची वाट बघायची. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मी ते करतो. तिथेही मी प्रसाद घ्यायच्या आधी मागे जाऊन आलो. मागच्या दारापुढे साड्यांच्या गाठी छताला टेकल्या होत्या. दाराला बाहेरून लोखंडी पट्टी वेल्डिंग करून मारलेली, माल चोरीला जातो म्हणून. आणि पूजेच्या मांडवाचा जो पडदा बांधला होता, त्याच्या मागे निळी पिंपं होती. चाळीसेक असतील. जवळ गेलो तर काडी ओढल्यावर येतो तसा उग्र वास.

वास ओळखीचा होता. कापड रंगवणारे जी पावडर वापरतात, तिला भिवंडीत सगळे हायड्रो म्हणतात. कोरडी असेपर्यंत गप्प असते. जरा ओल लागली की आपली आपणच तापते, धुमसते, आणि तिच्यातून जो वायू निघतो तो छातीत गेला तर माणूस जागच्या जागी घुसमटतो.

मी दाजींना बाजूला घेतलं. म्हटलं, "हे कपड्याच्या गोडाऊनमध्ये कसं काय?"

"भाडेकरूचा माल हाय. आठ दिवसांत उचलनार."

"आणि मागचं दार?"

दाजी हसले, माझ्या पाठीवर हात ठेवला. "आज पूजा हाय. आज तू ड्युटीवर न्हाय, पाहुना हायेस. चल, जेवून घे."

बहिणीने पान वाढलं. मी जेवलो. शिरा पुन्हा मागून घेतला.

त्यानंतर मी कुठेही काहीही कळवलं नाही. बहिणीचं घर आहे, आठ दिवसांत उचलणार म्हणाले आहेत, असं मनाला सांगितलं आणि विसरलो. खरं तर विसरलो नव्हतो. विसरल्यासारखं केलं होतं.

दसरा होऊन गेला. ऑक्टोबरचं ऊन चटके देत होतं. दुपारी तीनच्या सुमाराला आगीची वर्दी आली. पत्ता ऐकला आणि मी तो पुन्हा विचारून घेतला. गाडीत आमचे साहेब पुढे, मागे मी आणि माझा जोडीदार. जोडीदार निजामपुऱ्यातला. वडील कापडाच्या लूमवर, चुलते लूमवर, हा एकटा बंबावर आला. अकरा वर्षं आम्ही एकाच होजला धरून आत गेलोय. पाइप पुढे त्याच्या हातात, मागे मी. त्याच्या पाठीचा घाम कुठून सुरू होतो तेसुद्धा मला पाठ आहे.

त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "क्या हुआ? चेहरा क्यूं उतरा?"

"दाजींचं गोडाऊन आहे."

"अरे!" एवढंच म्हणाला, आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

गाळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कंटेनर लावलेले. मधून एक रिक्षा जाईल इतकीच जागा. आमचा ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला. एका कंटेनरवाल्याने केबिनमधून मान बाहेर काढली. त्याच्या तोंडात घास होता. "दो मिनट, खाना खा रहा हूं," म्हणाला. समोर आभाळात काळा खांब उभा राहिलेला त्याला दिसत होता. शेवटी साहेबांनी गाडी तिथेच उभी केली आणि आम्ही होजच्या गुंडाळ्या खांद्यावर मारून पळालो.

त्याच्यापुढे माणसांची भिंत. शंभरेक फोन वर. मी माझ्या नोकरीत जळालेली माणसं उचलली आहेत, पण जी किळस मला त्या फोनवाल्यांची येते ती कशाचीच येत नाही. एक जण आमच्या होजवर उभा होता, चांगला फोटो यावा म्हणून. पाणी पुढे येईना म्हणून मी मागे वळून बघितलं तर हा पठ्ठ्या टाचा उंचावून उभा. मी त्याला ढकलला. तो पडता पडता ओरडला, "हात नको लावू हां!"

आग दुसऱ्या गाळ्यात लागली होती. तिथे सोफ्याचा फोम होता. फोम नुसता जळत नाही, वितळून ठिबकतो, आणि काळाकुट्ट, चिकट धूर सोडतो. नाक शिंकरलं की तीन दिवस डांबरासारखं पडत राहतं. शटरच्या वरच्या फटीतून तो धूर जोर लावून बाहेर येत होता. तिसऱ्या गाळ्याच्या पत्र्याखालून मात्र फक्त बारीक, पिवळसर रेघा निघत होत्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, तिथे अजून काही नाही.

लोकांना वाटतं आग जमिनीवरून सरकत येते, म्हणजे ती दिसते आणि माणसाला पळायला वेळ मिळतो. पत्र्याच्या गाळ्यात ती वरून येते. तापलेला धूर छपराला जाऊन आपटतो, तिथून आडवा पसरतो आणि उलटं धरलेलं मडकं भरावं तसा वरून खाली भरत येतो. मधली भिंत छपरापर्यंत कधीच पोचलेली नसते. वायरी टाकायला म्हणून वर हातभर फट सोडलेली असते. तेवढी पुरते. धूर त्या फटीतून शेजारी जातो, शेजारच्या थप्प्यांचं वरचं टोक तापवतो. ठिणगी न लागता वरची गाठ धुमसायला लागते, आणि मग एका क्षणी सगळा गाळा एकदम पेटतो. छपराला आधार देणाऱ्या लोखंडी कैच्या जळत नाहीत, पण मऊ होऊन वाकतात आणि पत्र्यांसकट खाली येतात. आम्ही मारलेलं पाणी कापडाच्या गाठी पिऊन बसतात, फुगतात, चौपट जड होतात, आणि मग पोटमाळा कोसळतो. म्हणजे आग नाही तर आमचंच पाणी आमच्या डोक्यावर पडतं.

तिसऱ्या गाळ्यातून आवाज आला. कोणीतरी आतून पत्रा बडवत होतं.

"वर बाया हायेत!" एक हमाल ओरडला. "पॅकिंगच्या बाया, पोटमाळ्यावर!"

पोटमाळ्याचा जिना शटरला लागूनच होता आणि जिन्याचं तर धुराडंच झालं होतं. मागचं दार पट्टी मारून बंद. त्या दाराची गोष्ट मला श्रावणापासून ठाऊक होती. मी साहेबांना म्हणालो, "मागून वरचा पत्रा कापूया." शिडी आणि कटर घेऊन मी आणि जोडीदार मागे गेलो. गाळ्यांच्या मागे नाला. त्यात रंगवाल्यांनी सोडलेलं जांभळं पाणी, वर पिशव्या, कोंबड्यांची पिसं, आणि कुठल्या तरी जनावराचं फुगलेलं पोट. मांडीपर्यंत घाणीत उभं राहून आम्ही शिडी लावली. बूट भरले. ते गार, लिबलिबीत पाणी पायाच्या बोटांमध्ये शिरलं तेव्हा मला ओकारी आली, पण कटर हातात होता.

पत्र्याला माणूस बाहेर येईल एवढं भोक पडलं. आतून आधी धूर आला, मग हात. एकेक करून आठ बाया उतरल्या. काळवंडलेल्या, खोकून वाकलेल्या. एकीने पदर तोंडात कोंबला होता. शेवटची बाई चाळिशीची असेल, आतल्या गावांपैकी कुठलीतरी. सगळ्या उतरेपर्यंत ती भोकाशी थांबून बाकीच्यांना पुढे ढकलत होती. नाल्यात पाय टेकताच तिने माझी बाही धरली.

"दादा, खालच्या पिंपांवर पानी मारू नका. पावडर हाय त्यात. पानी लागलं की पेटती."

जोडीदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. आम्ही तिला धरून पुढे साहेबांपाशी आणलं.

तिथे दाजी पोचले होते. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, आणि हातातला फोन सारखा वाजत असलेला. साहेबांनी विचारलं, "मालक तुम्हीच? तिसऱ्यात काय माल आहे?"

"कपडा. कपडाच आहे साहेब."

"ह्या बाई पिंपं म्हणतायत."

"रोजावरची बाई ती, तिला काय कळतं? पान्याची पिंपं असतील."

"पान्याची?" बाई खोकत खोकत पुढे आली. "शेट, मागच्या म्हयन्यात फरशी पुसताना पानी सांडलं त्यावर, तवा मुकादमाचा पाय भाजला न्हाय का? तुमीच त्याला रिक्षात घालून नेलात."

दाजींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. साहेबांना म्हणाले, "आमचा मेव्हना तुमच्यातच हाय. त्याला विचारा. पूजेला आला होता."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं सांगा. आत काय आहे?"

धूर, ओरडा, पंपाचा आवाज, सगळं चालू होतं. दाजी माझ्याकडे बघत होते. धमकी नव्हती त्या नजरेत, भरवसा होता. त्या भरवशाचाच मला आता जास्त राग येतो. मला बहीण दिसली, तिची मुलं दिसली. मी म्हणालो, "साहेब, नक्की सांगता येत नाही."

जी बाई धुरातून जिवंत बाहेर पडून खरं सांगत होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि पचकन बाजूला थुंकली. तोंडात काजळी होती म्हणून थुंकली असेल. मला तसं वाटलं नाही.

साहेबांपुढे वेळ नव्हता. तिसरा पेटला असता तर चौथा, पाचवा, सहावा ओळीने गेले असते, आणि सहाव्याला लागून चाळ होती. त्यांनी सांगितलं, "शटरपासून वरच्या वर मारा, भिंतीच्या टोकावर. खाली शक्यतो नको." पण वर मारलेलं पाणी खालीच येतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

जोडीदार पाठीवर हवेचा सिलिंडर चढवून आत गेला. मालक माझेच दाजी, म्हणून साहेबांनी मला गाळ्यांपुढे उचलून आणलेल्या छोट्या पंपापाशी ठेवलं होतं. त्याच्या मागे दुसरा एक जण होता. सिलिंडर अर्धा तास पुरतो असं म्हणतात. होज ओढत, वाकून, त्या भट्टीत तो त्याच्या निम्म्यात संपतो. मी पंपापाशी उभा राहून तिसऱ्या गाळ्याच्या उंबऱ्यातून वाहत येणारं पाणी बघत होतो. त्याच्यावर पांढरा फेस येत होता. तो फेस बघून माझ्या जिभेवर शिऱ्याची चव आली. खोटं नाही सांगत. तुपाची, वेलचीची चव, त्या धुरात.

मी पंप सोडला आणि साहेबांकडे धावलो. "साहेब, हायड्रो आहे. चाळीसेक पिंपं, डाव्या कोपऱ्यात. मी स्वतः बघितलीत."

साहेबांनी मला एकदा नीट बघितलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते वळले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "बाहेर! सगळे मागे!"

दुसरा गडी पळत बाहेर आला. जोडीदार आधीच बाहेर होता. त्याची शिट्टी वाजली होती, म्हणजे सिलिंडरमधली हवा संपत आली होती. म्हणून तो शटरशेजारी कट्ट्यावर बसून, मास्क काढून, दोन श्वास घेत होता. तेवढ्यात आत भस्सकन आवाज झाला. स्फोट म्हणतात तसा नाही. मोठ्या जनावराने फुत्कार टाकावा तसा. शटरमधून पांढरा-पिवळा लोट आला आणि कट्टा दिसेनासा झाला.

मी तोंडाला ओला टॉवेल बांधून शिरलो, हाताला त्याचा पट्टा लागला, ओढत आणला. त्याचे डोळे मिटलेले होते, त्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो श्वास आत घेत होता पण घेतलेला आत जात नव्हता. मासा काठावर करतो तसं तोंड. अँब्युलन्स कंटेनरांच्या पलीकडे अडकलेली. सहा जणांनी त्याला हातावर घेऊन तिथवर पोचवला. जमाव बाजूला झाला, पण फोन खाली केला नाही.

आग रात्रीपर्यंत आटोक्यात आली आणि पुढे तीन दिवस गाठी धुमसत राहिल्या. एकेक गाठ जेसीबीने उचलायची, फोडायची, आतला निखारा विझवायचा. सडक्या अंड्यासारखा, जळक्या केसांसारखा, गोड फोमसारखा, सगळा मिळून एक वास. पाचव्या गाळ्यात शाम्पू होता, तो वाचला. माणसं मागच्या नाल्यातून येऊन त्याचे खोके पळवत होती, ज्या नाल्यात आम्ही उभे राहिलो होतो त्यातूनच. चांगल्या घरची माणसं, स्कूटर लावून आलेली. एक बाप मुलीला म्हणत होता, "वरचे ओले झालेत, खालचा घे."

दुसऱ्या दिवशी दाजी आमच्यासाठी वडापाव आणि चहा घेऊन आले. "पोरांनो, खाऊन घ्या, आपलीच मानसं तुमी." सगळ्यांना हाताने वाटला. माझ्यासमोर आले आणि हळूच म्हणाले, "तू साहेबांना बोललास ते जाऊ दे. गडबडीत होतं. जबाब लिहिताना मात्र नीट लिही." मी वडा हातात घेतला होता. तो मी त्यांच्या पायाशी, राखेच्या चिखलात टाकला. तेवढंच जमलं.

चौथ्या दिवशी बहीण माझ्या घरी आली. उंबऱ्यात उभी राहूनच बोलली. "त्यांना अटक होईल. मुलांचं काय? तू पिंपं बघितलीस हे तुझ्याशिवाय कोनाला ठावं हाय?"

"त्या बाईला ठाऊक आहे."

"तिला कोन विचारतंय!"

माझी बहीण वाईट नाही. लहानपणी मला ताप आला की रात्र रात्र कपाळावर हात ठेवून बसायची. तिच्या तोंडून हे वाक्य ऐकून मला जे वाटलं ते मी तिला सांगितलं नाही. मीही त्या दिवशी शटरपुढे तेच केलं होतं, फक्त जरा सभ्य शब्दांत.

मी जबाब लिहिला. पिंपं लिहिली, वेल्डिंग केलेलं दार लिहिलं, पूजेच्या दिवशी बघूनही कळवलं नाही हे लिहिलं, आणि घटनास्थळी विचारल्यावर खरं सांगायला उशीर केला हेही लिहिलं. माझ्यावर चौकशी बसली, पगारवाढ थांबली. दाजी काही दिवस आत गेले, जामिनावर सुटले. खटला चालू आहे. बहीण माझ्याशी बोलत नाही.

त्या बाईनेही जबाब दिला. तिच्या गावाहून दोन गाड्या बदलून आली होती. बाहेर बाकावर मी तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "ताई, तुम्ही त्या दिवशी बरोबर सांगत होतात. मला माहीत होतं."

"तुमी गप ऱ्हायलात तवाच मला कळलं, तुमाला ठावं हाय म्हनून," ती म्हणाली. "ज्याला ठावं नसतं तो लगेच बोलतो." आणि आत नाव पुकारलं म्हणून उठून गेली.

जोडीदार जगला. एकवीस दिवस इस्पितळात होता. मी त्याला तिथेच सांगितलं, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत. नाकातल्या नळीसकट तो ऐकत होता. मग थांबत थांबत म्हणाला, "तेरा दाजी झूठ बोला, ठीक है, उसका धंदा है. तू क्यूं चुप बैठा?"

मी बहिणीचं नाव घेतलं.

"मेरी भी बहन है," तो म्हणाला आणि तोंड भिंतीकडे केलं.

पुढचे दोन महिने मी गेलो की तो झोपल्याचं सोंग करायचा. त्याची बायको मला चहा द्यायची, तो मी प्यायचो, निघायचो. एक दिवस त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "रोज रोज मत आ. चीनी खतम होती है." मी हसलो नाही. तोही हसला नाही. पण त्यानंतर सोंग बंद झालं.

गाळे पुन्हा उभे राहिलेत. नवा पत्रा, नवा रंग, आणि मधल्या भिंतींच्या वर तीच हातभर फट. मी कामावरून जाताना बघितली. लेखी कळवलंय. पुन्हा कळवीन.

आता वर्दीवर गेलो की मी मालकाला सगळ्यात शेवटी विचारतो. आधी हमाल, मग पॅकिंगच्या बाया, मग झाडूवाली. कुठे काय ठेवलंय ते त्यांना ठाऊक असतं, कारण ते त्यांच्या पायावर पडलेलं असतं, हाताला लागलेलं असतं. मालक कपडाच आहे म्हणतो. अजून एकही वेगळं बोलणारा भेटला नाही.

जोडीदाराच्या छातीत आता जिना चढायचंही बळ नाही. त्याला कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायला बसवलंय. परवा राहनाळच्या एका गोडाऊनची वर्दी आली. वायरलेसवर आवाज त्याचा. आधी खोकला, बराच वेळ. मी गाडीत थांबलो. मग त्याने पत्ता सांगितला आणि म्हणाला, "अंदर क्या है, पता करके जा."